साक्षी आणि पुरावा : प्लेगच्या वाटेचा शोध

एखाद्या रोगाचें कारण रोग्याच्या शरीरांत शोधावें, कीं तो ज्या घरांत राहतो, जें पाणी पितो, ज्या जमिनीवर निजतो तेथें शोधावें, हा वैद्यकांतील फार जुना प्रश्न आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानांत 'जनपदोद्ध्वंसन' नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. प्रकृति, आहार, बल आणि वय यांनीं एकमेकांपासून भिन्न असलेलीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कां मरतात, असा प्रश्न तेथें विचारला आहे. आणि वायु, जल, देश व काल हीं सर्वांना समान असल्यामुळें तीं बिघडलीं म्हणजे सारें जनपद उद्ध्वस्त होतें, असें त्याचें उत्तर दिलें आहे. प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तरहि एका अर्थीं यथार्थ आहे. परंतु या चोहोंपैकीं नेमकें काय बिघडलें, हें ठरवावयाचें कसें? साथ आली म्हणजे बिघाड दाखविणारे हजार लोक पुढें येतात. कोणी गटाराकडे बोट करतो, कोणी दमट जमिनीकडे, कोणी परक्या माणसाकडे. त्यांपैकीं कोणाचें खरें मानावयाचें?

आजच्या वैद्यकानें यासाठीं एक रीत बसविली आहे. तिला आम्ही 'पद्धतशीर समालोचन' म्हणूं. प्रश्न आधीं नेमक्या शब्दांत बांधावयाचा. त्या प्रश्नावर जेवढें संशोधन झालें असेल तेवढें, अनुकूल-प्रतिकूल असा भेद न करतां, गोळा करावयाचें. प्रत्येक संशोधनाची पद्धति निर्दोष कीं सदोष, हें पूर्वीं ठरविलेल्या कसोटीवर घासून पाहावयाचें. निष्कर्ष परस्परविरुद्ध असतील तेथें तो विरोध कां आला हें शोधावयाचें. आणि मग निर्णय द्यावयाचा, तोहि किती खात्रीनें देतों हें सांगून. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश वैद्याच्या नांवानें १९९३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें औषधोपचारांच्या बाबतींत या रीतीला शिस्त आणली, आणि पुढें हवा, पाणी, धूळ, धूर असल्या भोंवतालच्या कारणांनाहि ती लावण्यांत आली. वाचकांस ही केवळ कारकुनी वाटण्याचा संभव आहे. अहवाल चाळावे, कोष्टकें भरावीं, बेरजा कराव्या, यांत बुद्धीचें काम तें कोणतें? परंतु या रीतीची एकेक पायरी कोणत्या ना कोणत्या चुकीवरून घडलेली आहे, आणि ती चूक कोणाला तरी भोंवलेली आहे. ती कशी, हें पाहण्यास दूर जावयास नको. मुंबईच्या प्लेगचा इतिहास त्याला पुरेसा आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं रोगी पाहून हा ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेग आहे, असें निदान केलें. मांडवी ही बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. खालीं पोत्यांच्या थप्प्या, वर दाटीवाटीनें राहणारीं माणसें, आणि दोहोंच्या मध्यें उंदीर. रोगाचा जंतु अज्ञात नव्हता. १८९४ सालीं हाँगकाँग येथें येर्सिन यानें तो शोधून काढला होता, आणि मेलेल्या उंदरांतहि तोच जंतु त्याला आढळला होता. म्हणजे रोग कोणता हें ठाऊक होतें आणि त्याचें बीज कोणतें हेंहि ठाऊक होतें. तें बीज माणसाच्या अंगांत कोणत्या वाटेनें शिरतें, एवढेंच ठाऊक नव्हतें.

परंतु त्या 'एवढ्या'वरच सारें अवलंबून होतें; कारण खरी वाट ठाऊक नसली म्हणजे सगळ्याच वाटा अडवाव्या लागतात. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मोकळीक मिळाली. घरें औषधी पाण्यानें धुतलीं गेलीं, भिंतींना चुना फांसला गेला, ऊन आंत यावें म्हणून कौलें उतरविलीं गेलीं, अंथरुणें-पांघरुणें जाळलीं गेलीं. रोगी इस्पितळांत आणि त्याच्या घरचीं माणसें छावणींत, अशी ताटातूट झाली. पुण्यांत झडत्यांसाठीं गोरे सोजीर घरांत, देवघरांत आणि माजघरांत शिरले. त्याच वर्षीं १० मार्च रोजीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले त्याच रोगानें वारल्या. २२ जूनच्या रात्रीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि पुढें चापेकर बंधू फांशीं गेले. हा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. आम्हांस त्यांतील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. ज्या उपायांपायीं एवढा जुलूम झाला आणि एवढें रक्त सांडलें, त्यांच्या मुळाशीं रोगाच्या वाटेविषयीं एक तर्क होता. आणि तो तर्क अद्याप कोणीं नीट तपासलेला नव्हता.

तपासण्याची वेळ १८९८ सालीं आली. एडिंबरो येथील प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें प्लेग कमिशन नेमलें. जंतुशास्त्रांत नांवाजलेले ऑल्मरॉथ राइट हे त्याचे एक सभासद होते. कमिशननें हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं मिळून ७० बैठका घेतल्या, २६० साक्षीदार तपासले, आणि साक्षी व अहवाल मिळून पांच जाडजूड खंड प्रसिद्ध केले. आळस, हयगय किंवा घाई यांचा आरोप या मंडळींवर कोणासहि करतां येणार नाहीं. जेवढी माहिती गोळा करणें त्या काळीं शक्य होतें, तेवढी त्यांनीं केली. तरीहि त्यांचा निर्णय चुकला. हा रोग मुख्यतः माणसांच्या येण्याजाण्यानें पसरतो आणि त्याचें बीज अंगावरील ओरखड्यांतून व भेगांतून आंत शिरतें, असें त्यांनीं ठरविलें. उंदरांचा संबंध त्यांनीं मान्य केला, पण त्याला दुय्यम स्थान दिलें. रक्त शोषणाऱ्या कीटकांचा तर प्लेगच्या प्रसारांत विचारच करण्याचें कारण नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला.

आणि गंमत अशी कीं, खरें उत्तर त्या वेळीं त्यांच्या टेबलावर होतें. पॉल लुई सिमों हे फ्रेंच डॉक्टर १८९७ सालीं पाश्चर संस्थेच्या वतीनें मुंबईस आले. रोग्यांच्या अंगावर कधीं कधीं एक लहानसा फोड असतो आणि त्यांत प्लेगचे जंतु सांपडतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. हा फोड कीटकाच्या दंशाचा तर नसेल? शिवाय नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारे आजारी पडतात, पण उंदीर मरून थंडगार पडल्यावर त्याला हात लावणारे बहुधा सुखरूप राहतात, असेंहि त्यांना दिसलें. प्रेत थंड झालें म्हणजे पिसवा तें सोडून जातात, हें आठवलें कीं या कोड्याचा उलगडा होतो. २ जून १८९८ रोजीं कराचींतील एका हॉटेलाच्या खोलींत त्यांनीं प्रयोग केला. कांचेच्या मोठ्या बरणींत पिसवांसह एक प्लेगनें आजारी उंदीर ठेवला, आणि त्याच बरणींत जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणें शक्य नव्हतें. जाळीतून पिसू मात्र जाऊं शकत होती. थोड्याच दिवसांत निरोगी उंदीर प्लेगनें मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळ निरोगी उंदीर ठेवले तेव्हां मात्र ते मेले नाहींत. त्याच वर्षीं पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत हा वृत्तांत छापून आला. त्याच्या आदल्या वर्षीं जपानी शास्त्रज्ञ ओगाता यांनीं फोर्मोसा बेटांत उंदरांवरील पिसवांत प्लेगचे जंतु असल्याचें दाखविलें होतेंच.

मग कमिशननें हें कां नाकारलें? सिमों यांचे प्रयोग थोडे होते, ते एकट्यानें केलेले होते, आणि इतरांना त्यांचा पडताळा आला नव्हता. या शंका अगदींच अनाठायीं होत्या असें आम्ही म्हणत नाहीं. आजचा कोणताहि समालोचक एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर शिक्का मारणार नाहीं. परंतु 'ही गोष्ट अद्याप सिद्ध झाली नाहीं' आणि 'ही गोष्ट खोटी आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पहिल्या वाक्यापुढें 'म्हणून आणखी प्रयोग करा' असें म्हणावें लागतें. दुसऱ्यानंतर दार बंद होतें. कमिशनच्या हातीं पुरावा पहिल्या वाक्यापुरताच होता; निर्णय मात्र त्यांनीं दुसऱ्या वाक्याचा दिला.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. २६० साक्षीदार ही संख्या मोठी खरी. पण न्यायाच्या कचेरींतहि साक्षी मोजीत नाहींत, तोलतात. एकाच ऐकीव गोष्टीचा शंभरांनीं पुनरुच्चार केला तर शंभर पुरावे होत नाहींत. एकच होतो, आणि तोहि ऐकीव. प्लेगच्या घरांत जाऊन आलेले अंमलदार आणि डॉक्टर पुष्कळ होते; उंदीर आणि माणूस यांच्या मधल्या जागेंत काय घडतें हें स्वतः प्रयोग करून पाहिलेले विरळा होते. उलट ज्यांची साक्ष मोलाची ठरली असती, ते लोक कमिशनच्या दृष्टीनें तज्ज्ञच नव्हते. उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें, ही रीत कुमाऊं-गढवालच्या डोंगरी लोकांत तेथील महामारीच्या अनुभवानें रूढ झालेली होती. बादशहा जहांगीरच्या आत्मवृत्तांतहि अशी एक हकीकत आहे. आसफखानाच्या मुलीला अंगणांत झोकांड्या खाणारा एक उंदीर दिसला, आणि लौकरच त्या घरांत रोग शिरला. लोकांची अशी समजूत म्हणजे शास्त्रीय सिद्धान्त नव्हे. पण शोध कोणत्या दिशेनें करावा हें तींतून समजलें असतें.

इकडे यूरोपांत गोंधळ वाढतच होता. नटॉल आणि कोले यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञांना पिसवांच्या द्वारें रोग पोहोंचविण्यांत यश आलें नाहीं. उंदराची पिसू माणसाला चावतच नाहीं, असें गॅली-व्हालेरियो यांनीं ठासून सांगितलें. मार्सेय येथील गोतिए आणि रेबो यांना मात्र उंदरावरून उंदरावर रोग पोहोंचविण्यांत यश आलें. एक म्हणतो होय, दुसरा म्हणतो नाहीं. अशा वेळीं होकारांची व नकारांची बेरीज करून जें अधिक तें खरें मानावें, असें कोणासहि वाटेल. परंतु येथें दोन्हीं पक्ष आपापल्या परीनें खरेंच सांगत होते. 'उंदराची पिसू' हें एक नांव होतें, पण त्याखालीं अनेक जाती दडलेल्या होत्या. यूरोपांतील उंदरांवर आढळणाऱ्या जाती माणसाच्या वाटेस फारशा जात नाहींत. आपल्याकडील उंदरांवर जी जात मुख्यतः असते ती वेगळी. चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनीं १९०३ सालीं सुदानांतील नमुन्यांवरून तिचें वर्णन केलें आणि इजिप्तच्या पिरामिड बांधणाऱ्या राजावरून तिला 'किऑपिस' हें नांव दिलें. ही पिसू उंदीर मिळाला नाहीं तर माणसाचें रक्त आनंदानें पिते. ज्याला आपण विरोध समजत होतों, तो दोन निरनिराळ्या वस्तूंना एक नांव दिल्याचा परिणाम होता.

या वस्तूची ओळख मुंबईंत पटविली ती ग्लेन लिस्टन यांनीं. १९०४ च्या एप्रिलमध्यें एका चाळींत उंदीर पटापट मेले, आणि लागलीच पिसवांचा इतका सुळसुळाट झाला कीं राहणाऱ्यांना झोंप मिळेना. थोड्याच दिवसांत माणसें प्लेगनें आजारी पडूं लागलीं. लिस्टन यांनीं भाकितें केलीं नाहींत. पिसवा पकडल्या आणि मोजल्या. एरवीं माणसांच्या अंगावर मिळालेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू अवघी एक होती. या चाळींतील माणसांच्या अंगावरून पकडलेल्या ३० पिसवांत मात्र उंदराच्या पिसवा १४ निघाल्या. यजमान मेला म्हणून भुकेल्या पिसवा नवा यजमान शोधीत होत्या. २४६ मध्यें १ आणि ३० मध्यें १४, या दोन अपूर्णांकांनीं पांच खंडांना जें साधलें नाहीं तें साधलें. कारण येथें आजारी घराची तुलना निरोगी परिस्थितीशीं केलेली होती, आणि तुलनेवांचून आंकडे मुके असतात.

१९०५ सालीं रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस यांच्या सल्लागार समितीनें दुसरें, संशोधनाचें कमिशन मुंबईस पाठविलें. लिस्टर संस्थेचे चार्ल्स मार्टिन, मेजर लॅम, लिस्टन, पेट्री आणि त्यांच्या जोडीला कित्येक हिंदी डॉक्टर परळच्या प्रयोगशाळेंत कामाला लागले. पहिल्या कमिशननें लोकांना विचारलें. दुसऱ्यानें प्राण्यांना आणि घरांना विचारलें, असें म्हटलें तरी चालेल. परळच्या आवारांत लहान लहान कोठड्या बांधल्या. त्यांची छपरें निरनिराळ्या प्रकारचीं. कांहींवर उंदरांना सुखानें राहतां येईल अशीं देशी कौलें. छपराखालीं तारेची जाळी होती, म्हणजे उंदीर खालीं येऊं शकत नव्हता, पण त्याच्या अंगावरची पिसू खालीं पडूं शकत होती. खालीं गिनीपिग नांवाचे लहान प्राणी सोडले. पिसवा नसतांना आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र कोंडले, एका भांड्यांत खाऊं घातले, आजारी आईला अंगावरचीं पिलें पाजूं दिलीं, तरी रोग पसरला नाहीं. पिसवा असतांना मात्र स्पर्शाचीहि गरज पडली नाहीं. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर आणि दुसरा दोन फुटांवर टांगला. खालच्यांतील प्राणी मेले, वरच्यांतील वांचले. कारण पिसूची उडी तेवढी उंच जात नाहीं. माकडाच्या पिंजऱ्याभोंवतीं सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला, तर तें वांचलें. हवा तीच, जमीन तीच, कोंदटपणा तोच. फरक केवळ पिसवांचा. चरकानें विचारलेल्या प्रश्नाला अखेर नेमकें उत्तर मिळालें.

याच्या जोडीला शहरांत पकडलेले लाखाहून अधिक उंदीर वर्षभर चिरून तपासले. प्लेग आधीं गटारांतील घुशींत वाढतो, सुमारें दहा दिवसांनीं घरांतील उंदरांत, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनीं माणसांत, असा क्रम त्यांतून उघड झाला. हे अहवाल १९०६ पासून 'जर्नल ऑफ हायजीन' या इंग्रजी नियतकालिकाच्या जादा अंकांतून निघाले. त्याचे संपादक होते नटॉल; म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या प्रयोगांना पूर्वीं अपयश आलें होतें तेच. शास्त्रांतला प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. पुढें १९१४ सालीं बॅकॉट आणि मार्टिन यांनीं पिसूच्या पोटाच्या तोंडाशीं जंतूंचा बोळा बसून ती वारंवार चावते व विषारी रक्त उलट ओकते, हेंहि दाखविलें. मद्रासेकडे प्लेग फारसा कां फैलावला नाहीं, याचाहि उलगडा हर्स्ट आणि क्रॅग यांच्या शोधांनीं झाला. तिकडील उंदरांवर 'ॲस्टिया' ही दुसऱ्याच जातीची पिसू अधिक असते, आणि ती हें काम तितक्या तत्परतेनें करीत नाहीं. नांवाखालीं दडलेला भेद येथेंहि कामास आला.

मधल्या वर्षांत मेलेल्या सर्वांचा दोष पहिल्या कमिशनच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. खरी वाट सांपडल्यावरहि १९०७ सालीं हिंदुस्थानांत प्लेगनें १३ लाखांहून अधिक माणसें नेलीं. तेंच सर्वांत वाईट वर्ष ठरलें. ज्ञान झालें म्हणजे उंदीर आपोआप मरत नाहींत. परंतु उपायांची दिशा बदलली, हेंहि तितकेंच खरें. भिंतींना चुना फांसण्यापेक्षां वखारी उंदरांना अभेद्य करणें, उंदीर पडतांच घर खालीं करणें आणि लस टोंचणें यांवर भर आला. माणूस हा आरोपी नसून तोहि उंदराप्रमाणेंच बळी आहे, हें कळल्यावर त्याला सोजिरांकरवीं घराबाहेर ओढण्याचें समर्थन उरलें नाहीं. चुकीच्या कारणाची किंमत केवळ प्राणांत मोजावयाची नसते. ती अब्रूंत आणि परस्परांवरील विश्वासांतहि मोजावी लागते. पुण्याच्या लोकांनीं ती दोन्हीं नाण्यांनीं दिली.

आज प्लेगचें भय तितकें राहिलेलें नाहीं, पण चरकाचा प्रश्न पुन्हा नव्यानें दारांत उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१३ सालीं बाहेरील दूषित हवा ही कर्करोगास कारण होते असें जाहीर केलें, तें अशाच समालोचनानंतर. चुलीचा धूर, विहिरीच्या पाण्यांतील क्षार, पिकांवरील फवारे यांविषयीं वर्तमानपत्रांत रोज नवा दावा छापून येतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें खंडन येतें. सुशिक्षित गृहस्थ गोंधळून दोन्हीं बाजूला सारतो, किंवा आपल्या सोयीचें तें मानतो. त्यानें स्वतः पिसवा मोजाव्यात अशी कोणाचीच अपेक्षा नाहीं. पण इतकें विचारणें त्याच्या हातचें आहे: हें किती जणांनीं सांगितलें हें राहूं द्या, पाहिलें कोणीं? कशाशीं तुलना करून पाहिलें? परस्परविरुद्ध बोलणारे दोघे एकाच वस्तूविषयीं बोलत आहेत ना? आणि 'पुरावा नाहीं' म्हणणारा शोध करून तसें म्हणतो आहे, कीं शोध न करतां? हे चार प्रश्न १८९८ सालीं कोणीं आग्रहानें विचारले असते, तर कराचीच्या त्या बरणीकडे सरकारचें लक्ष सात वर्षें आधीं गेलें असतें.